किल्ल्याचा बुरूज आणि काचेची इमारत एकाच कॅनव्हासवर: सोलापूरचं जुनं-नवं रंगवायला घेणाऱ्यांसाठी

जुनी आणि नवी वास्तू शेजारीशेजारी दाखवणारं रंगीत चित्र काढायला घेतलं की बहुतेक नवशिके एकच वाट धरतात. कॅनव्हासच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे तपकिरी किल्ला, उजवीकडे निळीशार उंच इमारत. चित्र पूर्ण होतं, पण ती दोन वेगळी चित्रं वाटतात. दोन्ही वास्तूंवर पडलेलं ऊन वेगळं असतं, दोन्हींची क्षितिजं वेगळी असतात आणि रंग वयानुसार वाटून दिलेले असतात. जुन्या-नव्यातला फरक पाहणाऱ्याला खरोखर जाणवावा असं वाटत असेल, तर आधी दोघांना एकाच उन्हात आणि एकाच जमिनीवर उभं करावं लागतं. ते कसं करायचं, हे पुढे क्रमाने दिलं आहे.

इथे माध्यम ॲक्रिलिक धरलं आहे आणि कॅनव्हास १८ × २४ इंच, आडवा. ब्रश हातात धरण्याची थोडी सवय असली तरी पुरे. रोज दोन-अडीच तास दिले तर पाच-सहा बैठकांत काम होतं. जलरंग किंवा पोस्टर कलर वापरणाऱ्यांनाही साहित्याची यादी सोडून पहिल्या पाच पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतील.

## १. जोडी निवडा आणि विरोध एका ओळीत लिहा

सोलापुरात जोड्यांची कमतरता नाही. या चार विचारात घ्या.

भुईकोट किल्ला आणि नव्या इमारती. पहिल्या चित्रासाठी हीच जोडी घ्या. चौदाव्या शतकात, बहमनी काळात उभा राहिलेला हा किल्ला भर शहरात आहे. दुहेरी तट, बुरूज, खंदक आणि शेजारी सिद्धेश्वर तलाव. मोठे, साधे आकार असल्याने नवशिक्याला झेपतो.

इंद्रभुवन आणि कार्यालयीन इमारत. वारद घराण्याचा हा वाडा पुढे महापालिकेचा झाला. कमानी, कठडे, चुन्यातलं नक्षीकाम आणि मूर्ती यांनी तो भरलेला आहे. सपाट खिडक्यांच्या साध्या इमारतीशेजारी ही नक्षी छान उठून दिसते. मात्र रेखाटनालाच दोन बैठका जातात, हे धरून चाला.

पेठेतलं माळवदाचं घर आणि अपार्टमेंट. गल्ली अरुंद असल्यामुळे चित्र उभं घ्यावं लागतं. गच्चीवरच्या काळ्या टाक्या, सोलर हीटर, वायरींचं जाळं हे सगळं यात कामाला येतं.

एखादी जुनी वास्तू आणि रे नगर. कुंभारीजवळची विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांची ही वसाहत २०२४ च्या जानेवारीत लोकार्पण झाली, घरं १५,०००. एकसारख्या घरांच्या रांगा रंगवायच्या तर लयीचा अभ्यास होतो, पण तोचतोचपणा कंटाळवाणा होऊ न देणं अवघड आहे. हा विषय दुसऱ्या-तिसऱ्या चित्राला ठेवा.

सिद्धेश्वर मंदिर सगळ्यांनाच रंगवावंसं वाटतं. पण शिखरावरचे बारीक तपशील नवख्याला गुंतवून टाकतात आणि नवी वास्तू बाजूलाच राहते. पहिल्या चित्रात ते दूर, आकारापुरतं आलं तर चालेल.

जोडी ठरली की कॅनव्हासच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने एकच ओळ लिहा: विरोध कशाचा? ‘जाड विरुद्ध पातळ’ असेल, ‘उजेड शोषणारं विरुद्ध उजेड परतवणारं’ असेल, ‘हाताने घडवलेला दगड विरुद्ध साच्यातून निघालेला तुकडा’ असेल. ‘जुनं विरुद्ध नवं’ एवढंच लिहून भागत नाही, कारण वय रंगवता येत नाही. जाडी, कड, पोत आणि चकाकी रंगवता येते. पुढे कुठेही अडलात की निर्णय या ओळीवरून घ्यायचा.

## २. साहित्य

- कॅनव्हास १८ × २४ इंच, ताणलेला. पर्याय म्हणून ६ मिमी एमडीएफ. त्यावर जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्यावे लागतात.
- ॲक्रिलिक रंग: टायटॅनियम व्हाइट १२० मिली. बाकीचे ४० मिली: लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरिन ब्लू, थॅलो ब्लू, बर्न्ट सिएना. काळा रंग घेऊ नका. का ते सातव्या पायरीत.
- ब्रश: फ्लॅट १ इंच, फ्लॅट १२ नंबर, फ्लॅट ६ नंबर, राउंड ४ नंबर आणि बारीक रेषांसाठी लायनर. शिवाय राठ केसांचा एक जुना फ्लॅट ब्रश. दगडाला तोच लागतो.
- पॅलेट नाइफ, जेसो, ॲक्रिलिक मिडियम (रंग पातळ आणि पारदर्शक करणारा द्रव) १०० मिली.
- मास्किंग टेप, अर्धा इंच आणि पाव इंच.
- २२० नंबरचा पॉलिश पेपर.
- एचबी आणि ४बी पेन्सिल, खोडरबर, दोन फुटी पट्टी, बारीक दोरा, दोन टाचण्या.
- झाकण असलेला उथळ प्लॅस्टिकचा डबा, जुना टॉवेल, बटर पेपर.

शेवटची ओळ ओल्या पॅलेटसाठी आहे आणि सोलापूरच्या हवेत ती टाळू नका. पंख्याखाली, एप्रिलच्या दुपारी ॲक्रिलिकचा थेंब काही मिनिटांत साय धरतो. टॉवेलची घडी पाण्यात भिजवून हलकी पिळा, डब्यात पसरा, वर बटर पेपर घाला आणि रंग त्या कागदावर काढा. खालून ओल मिळत राहते. झाकण लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही रंग वापरता येतो. साधा टर्किश टॉवेल यासाठी उत्तम, तो शहरात प्रत्येक घरी असतोच.

## ३. जागेवर जाऊन टिपणं

फोटो इंटरनेटवरून उचलू नका. त्यातलं ऊन कुठल्या महिन्याचं, कुठल्या वेळेचं, हे कळत नाही आणि इथेच पुढची सगळी गडबड सुरू होते.

वेळ. सकाळी साडेसात ते नऊ किंवा संध्याकाळी साडेचार ते सहा. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैअखेरीस भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. अशा वेळी बुरुजाचा गोलवा दिसत नाही, तट सपाट वाटतो. मे अखेर ते जुलै मध्य या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेकडच्या भिंतींना ऊन मिळतं. डिसेंबरात त्याच भिंती दिवसभर सावलीत राहतात. सांगायचा मुद्दा असा, की किल्ल्याचा फोटो मे महिन्यातला आणि इमारतीचा डिसेंबरातला असेल तर सावल्या कधीच जुळणार नाहीत. दोन्ही फोटो एकाच आठवड्यात, एकाच वेळेला घ्या.

उंची. दोन्ही फोटो जमिनीवर उभं राहून, डोळ्यांच्या उंचीवरून. एक गच्चीवरून आणि एक रस्त्यावरून घेतला तर क्षितिज जुळत नाही.

फोन. अर्धा एक्स लेन्स वापरू नका, ती कडा ताणते. एक एक्स किंवा दोन एक्स ठेवा आणि मागे सरका. फोन वर तिरपा केला की इमारतीच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. फोन सरळ उभा धरा, खालची जास्तीची जमीन नंतर कापता येते.

रेखाटन. फोटोइतकंच महत्त्वाचं. वहीत तीनच गोष्टी टिपा: सूर्य कोणत्या बाजूला, सर्वांत गडद जागा कोणती, सर्वांत उजळ जागा कोणती. हात पूर्ण लांब करून पेन्सिलीने मापं घ्या: बुरुजाची रुंदी एक मानली तर उंची किती, तट किती. किल्ल्याजवळ चर्यांची (तटाच्या माथ्यावरच्या दातऱ्यांची) ओळ, जंग्यांची (मारा करण्यासाठी तटात ठेवलेली) भोकं, दगड कुठे लहानमोठा होतो, कुठे दरज (दोन दगडांमधला सांधा) रुंद आहे, कुठे भेगेतून गवत आलं आहे, हे जवळून पाहा. तट खाली रुंद असतो आणि वर जाताना किंचित आत झुकतो. ही ढाळ चुकली की किल्ला कंपाउंडच्या भिंतीसारखा दिसतो.

परवानगी. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. वही आणि फोन नेहमीच्या वेळेत चालतो. ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी विचारा. शहराला लागूनच, होटगी रस्त्यावर विमानतळ आहे, त्यामुळे परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा विचार करू नका. कार्यालयांच्या आवारात बराच वेळ बसायचं असेल तर सुरक्षा रक्षकाला सांगून बसा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. मकर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत तलावाच्या बाजूला निवांत रेखाटन होणार नाही; ते दिवस टाळा.

## ४. छोटे आराखडे

३ × ४ इंचांच्या चौकटीत किमान सहा आराखडे करा, फक्त तीन छटांत: पांढरा, मधला करडा, गडद. यात कुठलाही तपशील नको.

मांडणीच्या तीन पद्धती उपयोगी पडतात. एक, किल्ला पुढे आणि आडवा, इमारती मागून डोकावणाऱ्या. दोन, नव्या इमारतीच्या खांबांमधून किंवा पोर्चमधून दिसणारा किल्ला. तीन, किल्ल्याच्या कमानीतून दिसणारं नवं शहर. दुसरी आणि तिसरी पद्धत पाहणाऱ्याला कुठल्या तरी एका काळात उभं करते आणि तिथून दुसरा काळ दाखवते. म्हणून ती जास्त बोलकी होते. पण नवख्याने पहिलीपासून सुरुवात करावी, कारण तिच्यात चुका लपवायला जागा आहे.

दोन्ही वास्तूंना सारखी जागा देऊ नका. एकीला सुमारे दोन तृतीयांश, दुसरीला एक तृतीयांश. जिला जागा कमी, तिला जास्त तीव्र रंग किंवा जास्त टोकदार कड द्या. मग ती दबत नाही.

## ५. क्षितिज आणि यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह)

कॅनव्हासवर सर्वांत आधी क्षितिजाची रेषा. १८ इंच उंचीत खालून ६ इंचांवर घ्या. सपाट जमिनीवर उभं राहून पाहिलं तर जवळच्या-लांबच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे साधारण याच रेषेवर येतात. दोन फोटो जोडताना ही सोपी कसोटी आहे: प्रत्येक फोटोत उभ्या माणसाच्या डोळ्यांतून रेषा काढा आणि ती रेषा कॅनव्हासच्या क्षितिजावर बसवा. आकारासाठी दरवाजे आणि मजले मोजा. राहत्या इमारतीचा मजला सुमारे १० फूट.

नवी इमारत. तिचा कोपरा आपल्याकडे असेल तर दोन व्हॅनिशिंग पॉइंट (दूर जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजावर जिथे मिळतात ते बिंदू) लागतात आणि दोन्ही बहुधा कॅनव्हासबाहेर जातात. कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवा, क्षितिजाच्या सरळ रेषेत दोन्ही बाजूंना टेबलावर टाचण्या लावा, त्यांना दोरा बांधा. दोरा ताणला की तिथली कुठलीही रेषा मिळते. टाचण्या कॅनव्हासच्या मध्यापासून दोन फुटांपेक्षा जवळ घेतल्या तर इमारत चाकूच्या पात्यासारखी पुढे येते.

खिडक्यांची विभागणी डोळ्याने करू नका. सर्वांत जवळच्या उभ्या कडेवर मजल्यांचे समान भाग पाडा, समजा ६. प्रत्येक खुणेपासून व्हॅनिशिंग पॉइंटकडे रेषा न्या. मग त्या बाजूचा एक कर्ण काढा. कर्ण जिथे जिथे या रेषांना छेदतो तिथून उभ्या रेषा टाका. आता ६ उभे भाग मिळाले आणि ते दूर जाताना बरोबर अरुंद होत जातात.

उभ्या रेषा खरोखर उभ्या आहेत का, हे गवंड्याच्या ओळंब्याने तपासा, किंवा दोऱ्याला खोडरबर बांधून लटकवा. ०.५ अंशाची चूकसुद्धा काचेच्या इमारतीत डोळ्याला खुपते. किल्ल्यात ती कोणाला दिसतही नाही.

बुरूज. गोल बुरुजावर दगडांचे थर सरळ नसतात. क्षितिजाच्या वर असलेले थर वरच्या बाजूला फुगलेल्या कमानीसारखे, क्षितिजाच्या खालचे थर खाली फुगलेले, आणि बरोबर डोळ्यांच्या उंचीचा थर सरळ. जितकं वर जाल तितका बाक वाढतो. बरेच जण सगळे थर सरळ ओढतात आणि मग कितीही छान सावली दिली तरी बुरूज सपाट राहतो.

## ६. कॅनव्हासची तयारी

तयार कॅनव्हासवरही जेसोचा एक हात द्या, वाळला की २२० च्या पॉलिश पेपरने हलकं घासा. काचेची इमारत जिथे येणार तिथे दोन हात आणि जास्त घासणी. किल्ल्याच्या जागी एकच हात, खरबरीत ठेवा. पुढे दगड आणि काच रंगवताना अर्धं काम पृष्ठभागच करून देतो.

मग बर्न्ट सिएना पाण्याने पातळ करून सगळीकडे एकसारखा फासा. निम्म्याहून जास्त पाणी घालू नका, रंगाची पकड जाते. हा उबदार थर दोन्ही वास्तूंच्या खालून थोडाथोडा डोकावत राहतो आणि त्यांना एकाच हवेत बांधतो. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात केली तर दोन इमारतींच्या मधल्या फटी पांढऱ्या राहतात आणि नेमक्या तिथेच चित्र तुटतं.

## ७. रंग

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं थांबून वाचा.

रंगीत चित्र म्हणजे पुष्कळ रंगांचं चित्र नव्हे. सोलापुरी चादर पाहा. ताण्यात आणि बाण्यात मोजक्याच रंगांचं सूत असतं, पण तेच रंग वेगवेगळ्या प्रमाणात शेजारीशेजारी येत राहतात आणि चादर भरगच्च रंगीत दिसते. कॅनव्हासवरही तसंच करा. तीन मुख्य रंग ठरवा आणि ते दोन्ही वास्तूंमध्ये फिरवा. इमारतीच्या बाल्कनीत क्रिमसन आलं तर त्याचाच थोडा अंश बुरुजाच्या सावलीत जाऊ द्या. किल्ल्याच्या उन्हातला यलो ऑकर काचेच्या एखाद्या चौकोनात दिसू द्या. रंग एकाच बाजूला कोंडले की चित्राचे पुन्हा दोन तुकडे होतात.

काळा न घेण्याचं कारण हे. आपल्याकडचा बेसाल्ट नावाला काळा आहे. उन्हात तो कधी राखाडी-तांबूस, कधी हिरवट, सावलीत निळसर-जांभळा दिसतो. ट्यूबमधला काळा हे सगळं मारून टाकतो. खालची मिश्रणं भागांत दिली आहेत.

- सावलीतला दगड: अल्ट्रामरिन २, बर्न्ट सिएना १, क्रिमसन किंचित.
- उन्हातला दगड: अल्ट्रामरिन १, बर्न्ट सिएना १, यलो ऑकर १, पांढरा ३.
- सर्वांत गडद, म्हणजे जंग्या आणि कमानीच्या आतला अंधार: अल्ट्रामरिन १, बर्न्ट सिएना १, पांढरा अजिबात नाही.
- आकाश, वर: पांढरा ६, अल्ट्रामरिन १.
- आकाश, क्षितिजाजवळ: वरचंच मिश्रण, त्यात पांढरा आणखी ३ आणि ऑकर अर्धा. उन्हाळ्यात शहरावरची धूळ असाच रंग देते.
- काच, वरचे मजले: पांढरा ४, अल्ट्रामरिन १, थॅलो ब्लू टाचणीच्या टोकाएवढा.
- काच, खालचे मजले: अल्ट्रामरिन १, बर्न्ट सिएना अर्धा, थॅलो पाव, पांढरा १.
- कडुनिंब: लेमन यलो २, अल्ट्रामरिन १, बर्न्ट सिएना अर्धा.

थॅलो ब्लू फार जोरकस आहे. तो नेहमी शेवटी, नाइफच्या टोकाने घाला. आधी थॅलो काढून मग त्यात पांढरा घालत बसलात तर निम्मी ट्यूब पांढरा संपेल.

मनातले रंग वापरायचे असतील, म्हणजे जांभळा किल्ला, केशरी इमारत, हिरवं आकाश, तर खुशाल वापरा. एकच अट: रंग बदला, उजेड बदलू नका. जे सावलीत आहे ते कोणत्याही रंगात गडदच राहिलं पाहिजे आणि उन्हातलं उजळच. तपासायला फोनवर चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. चौथ्या पायरीतल्या आराखड्याशी तो जुळला तर रंग कितीही धीट असले तरी चित्र उभं राहतं. प्रत्येक बैठकीच्या शेवटी ही तपासणी करा.

ट्यूबमधून जसाच्या तसा निघालेला शुद्ध रंग कॅनव्हासच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त जागी नको. एखादी वाळत घातलेली चादर, रिक्षा, दुकानाची पाटी, एवढ्या ठिकाणी तो पुरतो.

## ८. रंगवण्याचा क्रम

मागून पुढे: आकाश, दूरच्या इमारती, मुख्य नवी इमारत, झाडं, किल्ला, पाणी, माणसं. कडा मागे मऊ, पुढे स्पष्ट.

काच. काचेला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. समोर जे आहे ते ती दाखवते. वरचे मजले आकाश दाखवतात, खालचे मजले समोरची झाडं आणि इमारती. म्हणून वर उजळ, खाली गडद. सगळी इमारत एकसारखी निळी रंगवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

आधी खिडक्यांची जाळी न करता सगळ्या दर्शनी भागावर वरून खाली उजळ-गडद थर द्या. तो पूर्ण वाळू द्या. उन्हाळ्यात तासभर, पावसाळ्यात रात्रभर. ओल्यावर टेप लावली तर रंग सोलून निघतो. मग पाव इंच टेपने चौकोन अडवा. टेपच्या कडेवरून आधी खालचाच रंग एकदा फिरवा, म्हणजे फट असेल तर तोच रंग आत जाईल आणि कड स्वच्छ येईल. त्यावर प्रत्येक चौकोनाला किंचित वेगळी छटा द्या. खऱ्या काचा एका पातळीत कधीच नसतात, त्यामुळे प्रतिबिंब प्रत्येक चौकटीपाशी थोडं सरकतं आणि तुटतं. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप तिरकी ओढून काढा.

काचेत किल्ल्याचं प्रतिबिंब दाखवायचा मोह सगळ्यांना होतो आणि कल्पना सुंदरच आहे. पण इमारत किल्ल्याच्या मागे उभी असेल तर तिच्यात किल्ल्याची आपल्याला न दिसणारी, पलीकडची बाजू दिसेल, आणि त्या बाजूचं ऊन वेगळं असेल. पुढची बाजू उलटी करून चिकटवू नका.

ए.सी.पी.च्या (इमारतीला बाहेरून लावतात त्या ॲल्युमिनियमच्या) पत्र्यांना आरशासारखी चमक नसते. त्यावर सपाट रंग आणि सांध्यांच्या बारीक रेषा एवढंच द्या.

दगड. सावलीचा रंग सगळ्या तटावर आधी. त्यावर राठ ब्रशने उन्हातला रंग: ब्रश रंगात बुडवा, बराचसा कापडावर पुसा, आणि आडवा धरून हलक्या हाताने ओढा. खरबरीत जेसोच्या उंचवट्यांवरच रंग लागतो आणि पोत आपोआप येतो. ब्रश ओला राहिला तर डाग पडतात, म्हणून हे काम पूर्ण कोरड्या ब्रशने.

प्रत्येक दगड काढू नका. पाचातला एक स्पष्ट, बाकीचे सुचवलेले. दरजा लायनरने तुटक ओढा, अखंड रेघ आली की फरशी वाटते. स्पष्ट दगड ऊन आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यात ठेवा, कारण पोत तिथेच सर्वांत जास्त दिसतो. चर्यांची माथी सर्वांत उजळ, पण एकसारखी नकोत. काही झिजलेली, एखादी तुटलेली.

पाणी. प्रतिबिंब नेहमी सरळ खाली पडतं, तिरकं नाही. त्यात उजळ रंग थोडे मंद आणि गडद रंग थोडे फिके होतात. मागची इमारत पाण्यात दिसताना वर दिसते त्यापेक्षा कमी दिसते, कारण पुढच्या तटाचं प्रतिबिंब तिला जास्त झाकतं. काठ जितका उंच तितका हा फरक मोठा. म्हणून वरचा भाग ट्रेस करून उलटा करू नका. शेवटी दोन-तीन आडव्या, पातळ, उजळ रेषा द्या, त्यापेक्षा जास्त नको.

माणसं. पाच-सहा पुरेत. डोकी क्षितिजावर, पाय जवळ-लांब. किल्ला किती जाड आहे आणि इमारत किती उंच आहे, हे माणसाशिवाय कळत नाही.

## ९. काय बिघडतं आणि का

किल्ला पोस्टरसारखा सपाट दिसतो. सावलीत पांढरा गेला आहे. अल्ट्रामरिन आणि क्रिमसनमध्ये मिडियम जास्त घालून त्याचा पारदर्शक थर सावलीवर द्या.

सगळे रंग चिखल झाले. विरुद्ध रंग ओल्या-ओल्यावर एकमेकांत घोळले, किंवा ब्रश धुतला नाही. उबदार आणि थंड रंगांसाठी पाण्याचे दोन वेगळे डबे ठेवा.

मिसळलेला रंग जुळत नाही, वाळल्यावर गडद झाला. ॲक्रिलिकचा हा स्वभावच आहे. ओला असताना बाइंडर दुधाळ असतो. मिश्रण अर्धी छटा उजळ करा आणि कागदाच्या पट्टीवर वाळवून पाहा.

इमारत तरंगते. तिचा पाया दिसत नाही आणि जमिनीवर सावली नाही. पायथ्याशी झाड, भिंत किंवा गाडी आणा, आणि सावलीची दिशा किल्ल्याच्या सावलीशी मिळवा.

नवी इमारत मागे असूनही पुढे येते. तिच्यात कॉन्ट्रास्ट जास्त झाला. आकाशाच्या क्षितिजाजवळचा रंग मिडियममध्ये पातळ करून तिच्या खालच्या अर्ध्यावर एक झिरझिरीत हात फिरवा.

दोन्ही वास्तू चांगल्या, पण चित्र निर्जीव. बहुतेक वेळा कडा सगळीकडे सारख्याच धारदार असतात. किल्ल्याच्या सावलीकडच्या कडा बोटाने किंवा कोरड्या ब्रशने मोडा. इमारतीची एकच उभी कड लखलखीत ठेवा.

## १०. शेवटचं काम

चित्र दोन दिवस डोळ्याआड ठेवा, मग आरशात पाहा. आरशात यथार्थदर्शनाची चूक लगेच दिसते. दुरुस्ती झाली की आठवडाभर वाळू द्या. जाड नाइफकाम असेल तर आणखी थांबा. व्हार्निशचे दोन पातळ हात, दुसरा पहिल्याला आडवा, मध्ये किमान सहा तास. मॅट व्हार्निशने दगड छान दिसतो, ग्लॉसने काच. सगळीकडे सॅटिन घेणं हा मधला मार्ग. व्हार्निश करताना पंखा बंद ठेवा, नाहीतर धूळ चिकटते.

स्पर्धेला किंवा प्रदर्शनाला पाठवायचा फोटो सकाळी सावलीत, उघड्या आकाशाखाली काढा. कॅनव्हास भिंतीला सरळ टेकवा, फोन बरोबर मध्याच्या उंचीवर, दोन एक्सवर. मागे नाव, माप, माध्यम, वर्ष आणि चित्रातल्या दोन्ही जागा लिहा. दोन जागांवरून एक दृश्य जुळवलं असेल तर तेही स्पष्ट लिहा, कारण सोलापूरचा माणूस चित्र पाहताना पहिला प्रश्न हाच विचारतो, की हे नेमकं कुठून दिसतं.